सुमनकडे उरलेली एक ओळ

“मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा बंद पडलाय,” डॉक्टर म्हणाले, आणि सिल्वासाच्या त्या दवाखान्यातली फरशी माझ्या पायाखालून जी निसटली, ती थेट मधुबन धरणाच्या तळाशी जाऊन थांबली. मी चाराण्याची गोष्ट रुपयाला विकतो हे गलोंड्याच्या आमच्या धाग्याच्या कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे. पण या वेळी भाव कमी करून सांगतोय.

सुमन, माझी बायको, सकाळी उठली ती वाकडं तोंड घेऊनच. उजवा हात लुळा. बोलायला गेली तर नुसती घरघर. चाळीतला एक म्हणाला, “खानवेलला तेल चोळणारा आहे, वारं उतरवतो.” मी म्हटलं, “वारं उतरेल तेव्हा उतरेल, आधी रिक्षा आण!” तुमच्या घरी असं झालं तर तुम्हीही आधी रिक्षाच आणा. इस्केमिक स्ट्रोक, म्हणजे मेंदूच्या रक्तनळीत रक्ताची गाठ अडकणं. ती विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं. सुमनला झोपेत कधी झालं, कुणाला ठाऊक? वेळ निघून गेली होती.

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर मी इतका बसलो की त्याला माझ्या बुडाचा आकार आला. आत मशीन टुकटुकत होतं. मी देवाला इतकी आश्वासनं दिली की पाळायची म्हटली तर तीन जन्म कामाला लागतील.

वाचली. पण वाणी गेली. याला ॲफेजिया म्हणतात, म्हणजे जीभ जागेवर असते, शब्दांची वाट बुजते. “त्यांना कळतं किती, तेही आत्ता सांगता येणार नाही,” डॉक्टर म्हणाले. मला वाणी जाण्यापेक्षा या वाक्याची जास्त भीती वाटली.

मग स्पीच थेरपीच्या मॅडम आल्या, म्हणजे बोलणं परत शिकवणाऱ्या. नवसारीकडची हसरी पोरगी. चमचा दाखवा म्हटलं तर सुमनने कंगवा दाखवला. मग मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. “काकी, हे कोण? यांचं नाव बोला.”

सुमनने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

परत विचारलं. परत भिंत.

“पहचान नहीं रही हैं शायद,” मॅडम हळूच म्हणाल्या.

तिचा भाऊ विलास शिंदखेड्याहून आला होता. तो मला बाहेर घेऊन गेला. “दाजी, राग मानू नका. तिला तुम्हीच ओळखू येत नाहीत. तुम्ही शिफ्ट करणार का उशाशी बसणार? मी तिला गावी नेतो. आई आहे, वहिनी आहे.”

ती मला ओळखतच नसेल, तर कोणत्या तोंडाने तिला अडवू?

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, “काकी गाणं गात होत्या का? बोलणं गेलं तरी गाणं कधीकधी राहतं, ते मेंदूच्या दुसऱ्या बाजूने येतं.”

गात होती की! मिरच्या कुटताना आमच्या खानदेशातल्या बाया म्हणतात ते: नदी आटी जाई, वाट मिटी जाई, मी तुन्हीच राहसू. नदी आटली, वाट पुसली, तरी मी तुझीच राहीन. पुढे प्रत्येकीने आपल्या नवऱ्याचं नाव घालायचं. सुमनने कधीच घातलं नाही. तिथे आली की ‘हंऽऽ’ करून मुसळ जोरात आपटायची. उभ्या संसारात माझं नाव एकदाच घेतलं, उखाण्यात, तेही सासूने चिमटा काढला म्हणून.

“तुम्ही सुरू करा,” मॅडम म्हणाल्या. माझा आवाज असा की मी गायलो तर दुधनीच्या जलाशयातले मासे आपणहून काठावर येऊन जीव देतील. तरी गायलो. शेवटी नावाची जागा आली, आणि मी ठणकावून स्वतःचंच नाव घातलं: “भगवान!”

सुमनचा डावा हात उठला आणि फाटकन माझ्या तोंडावर बसला. डोळ्यांत तोच जुना दरारा: लाज नाही का, चारचौघांत? मग तिने स्वतः ओळ म्हटली, तुटत तुटत, पण पूर्ण. नावाच्या जागी ‘हंऽऽ’.

जिने धडधाकट असताना नवऱ्याचं नाव घेतलं नाही, तिला आम्ही आजारात नाव विचारत होतो, आणि वर म्हणत होतो ओळख गेली!

विलास दाराशी उभा होता. डोळे पुसून म्हणाला, “दाजी, येतो मी. ताईला इथंच राहू द्या.” आणि एकटाच गेला.

इथून पुढे ती भराभर बोलू लागली असं सांगायला माझी जीभ वळवळते. पण तसं झालं नाही. आज इतके महिने झाले, तिच्याकडे तेवढी एकच ओळ आहे. तहान लागली तरी तीच, पाठ दुखली तरी तीच, अंथरूण ओलं झालं की रडत रडत तीच. “याहून जास्त येईल असं मला वाटत नाही,” डॉक्टर म्हणाले. सूर ऐकून काय हवं ते ओळखायला मी शिकलोय. बोलणारा मी आता ऐकत बसतो. तुमच्यावर ही वेळ आली तर माणसाला तपासण्याआधी त्याची रीत आठवा, एवढंच सांगेन.

काल तिची वेणी घालत होतो. माझ्या हातांना मशीनवर धाग्याची बॉबिन, म्हणजे रीळ, चढवायची सवय, केस जोरात ओढले गेले. सुमन चवताळली. उभी चाळ ऐकेल अशा आवाजात माझ्यावर ओरडली: “मी तुन्हीच राहसू!”

मी मुकाट्याने वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली.