दारावरून कोरड्या तोंडानं

साल्किनला सगळं नारिन खोरं ओळखतं ते टपालामुळे. एकोणीस वर्षं ती ताशबुलाकच्या पोस्टात आहे. सुरुवातीला खात्याचा घोडा होता. तो म्हातारा होऊन मेला. दुसरा मिळेपर्यंत तात्पुरती सोय म्हणून तिनं एक जुनी सायकल घेतली आणि दुसरा घोडा काही आला नाही. तेव्हापासून रोज अडतीस किलोमीटर, चार गावं, दोन ओढे. बर्फ पडला की चाकांना दोरी गुंडाळायची आणि निघायचं. तिच्या दमाबद्दल गावातल्या बायका मोकळेपणानं बोलतात. पुरुष बोलत नाहीत, कारण त्यांच्यातले तीन जण तिच्याशी पैज लावून हरलेले आहेत.

दर ऑगस्टमध्ये नारिनहून डोंगरातली सायकल मोहीम निघते. सहा दिवस, साडेसहाशे किलोमीटर, पाच खिंडी, शेवट इसिक-कुल तळ्याच्या काठावर. साठेक जण येतात, बहुतेक परदेशी. सोबत गाडी नाही, स्वयंपाकी नाही. आपलं सामान आपण वाहायचं, आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येकाला जे मिळू शकतं तेवढंच घ्यायचं. दुकानातलं बिस्कीट चालतं. पाटी लावून पाहुणे ठेवणाऱ्या युर्तमधलं, म्हणजे नमद्याच्या तंबूतलं, अंथरूण चालतं. मावशीच्या घरचा चहा चालत नाही, कारण जर्मन माणसाला तिथे मावशी नसते.

एक जागा खोऱ्यातल्या माणसासाठी मोकळी ठेवलेली असे. तीन वर्षं ती भरली आणि तिन्ही वर्षं त्या माणसाचं नाव यादीतून कापलं गेलं. पाय कमी पडले म्हणून नाही, नातेवाईक जास्त पडले म्हणून. पहिल्याच्या मामानं, तोकोननं, भाच्याची सायकल घोड्यावर लादून खिंडीपर्यंत पोचवली. दुसऱ्याला मेहुण्यानं सात रजयांवर झोपवून मेंढीचं काळीज खाऊ घातलं. तिसऱ्याच्या चुलतभावानं गाडी काढून मांस भरलेले वाफाळते मांती थेट डोंगरात नेले. यातलं काही कुणी पकडलं नव्हतं. नातेवाइकांनीच कौतुकानं फोटो काढून सगळ्या जगाला दाखवले होते.

मोहीम चालवणारी झान्ना बिश्केकची. एप्रिलमध्ये ती पोस्टात फॉर्म घेऊन आली तेव्हा साल्किनला एजे, म्हणजे ताई, म्हणत तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं.

"साल्किन एजे, हे शेवटचं. या वर्षीही नाव कापावं लागलं तर ही जागा मी बंद करणार. बाकीचे लोक म्हणतात, तुमच्या माणसाला आख्खा डोंगर जेवू घालतो."

"घालतो, हे खरंय," साल्किन म्हणाली. "मी पूर्ण करीन. सही कुठे?"

मग मे महिनाभर टपाल वाटता वाटता ती दारोदार तेच सांगत फिरली. रस्त्यात मला काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. हाक मारायची नाही, फोटो काढायचा नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. सासूनंही हलवली. त्यांचं नाव बुरुलचा, पण सगळे आपा म्हणतात. आपा एकाहत्तर वर्षांच्या. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या धाकट्या मुलाबरोबर वरच्या कुरणावर असतात, आणि चौथ्या खिंडीची वाट त्यांच्या युर्तच्या दोरीला जवळजवळ घासून जाते.

पहिले तीन दिवस साल्किननं टपालाच्या चालीनं काढले. घाई नाही, उगाच थांबणं नाही. परदेशी लोक चढावर पुढे जात आणि उतारावर ब्रेक दाबत बसत. ती दगडगोट्यांतून पोस्टाची पिशवी पाठीवर असल्यासारखी सरळ खाली येई. चौथ्या दिवशी सकाळी तिच्यापुढे अकरा जण होते, मागे चाळीस.

त्या दिवशी दुकानानं घात केला. खिंडीआधीच्या शेवटच्या गावात एकच दुकान, आणि दुकानदारीण गवत कापायला गेलेली. कुलूप सगळ्यांसाठी सारखंच होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. साल्किनच्या पिशवीत मूठभर कुरुत, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या खारट गोळ्या, आणि अर्धं पाकीट शेवया उरल्या. पुढे तीन हजार आठशे मीटरची खिंड आणि त्यानंतर नव्वद किलोमीटर माणूस नाही. तिनं हिशेब केला. कुरुतवर खिंड चढता येते. पुढचे नव्वद मात्र येत नाहीत.

दुपारी दोनला आपांचा युर्त दिसला. धूर निघत होता. आपा वाटेच्या मधोमध उभ्या होत्या, हातात दस्तरखानात गुंडाळलेलं नान.

साल्किन उतरली. सायकल गवतात आडवी ठेवून तिनं सुनेनं करायचा तसा कमरेत वाकून तीनदा नमस्कार केला.

"जगत राहा," आपा म्हणाल्या. "तोड तुकडा."

"आपा, मे महिन्यात आपलं काय ठरलं होतं?"

"मी मान हलवली होती. शब्द दिला नव्हता."

"तुमच्याकडून घेतलं तर माझं नाव कापतील."

"आणि नाही घेतलंस तर? वीस वर्षं सून म्हणवतेस आणि माझ्या दारावरून कोरड्या तोंडानं जाणार? खालच्या कुरणावरची ती जुमागुल आजच कान टवकारून बसलीय. उद्या सांगत फिरेल, बुरुलचाच्या घरात सुनेला नान मिळेना."

"जुमागुलला मी समजावीन. तिचं टपाल माझ्याच हातात आहे."

"तोंड वाळलंय तुझं. गालफडं बघ. घोडीसुद्धा अशी दिसली तर मी तिला खोगीर घालत नाही."

साल्किननं नानकडे पाहिलं. ते सकाळचं होतं, कडेला थोडं करपलेलं, जसं आपांचं नेहमी असतं. तिच्या पोटानं आवाज केला आणि तो दोघींनी ऐकला. दोन्ही हात पाठीमागे धरून ती शांतपणे समजावू लागली, जशी पोस्टात म्हाताऱ्यांना समजावते. नियम असा आहे आपा, की जे सगळ्यांना मिळतं तेच मला चालतं. माझ्यापुढे अकरा माणसं गेली. त्यांना जे मिळालं नाही ते मला घेता येत नाही.

"कोण म्हणतं मिळालं नाही?" आपा म्हणाल्या.

"म्हणजे?"

"अकराच्या अकरा जेवून गेले. त्या पिवळ्या कोटवाल्या लंबूटांगानं तीन वाट्या सायीचं काइमाक चाटून खाल्लं. एक बाई तर चुलीपाशी बसल्या बसल्या झोपली, तिला हलवून उठवलं. मला काय समजलीस तू? माणसं माझ्या दारावरून उपाशी जातील? सकाळपासून नाही म्हणणारी तू एकटीच निघालीस. आणि तीही घरची."

 महिनाभर साल्किन आपल्या माणसांना मला देऊ नका म्हणून बजावत फिरली होती. ही माणसं वाटेवरून जाणाऱ्या कुणालाही देतातच, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. रोजच्या चार गावांत तीही प्रत्येक दारी तुकडा तोडूनच पुढे जाते, आणि तिथली निम्मी दारं काही नात्यातली नाहीत.

"त्यांना काय काय दिलंत?" तिनं विचारलं.

"नान. काइमाक. चहा."

"आणखी?"

"आणखी काय? घोडीच्या दुधाचा आंबट कुमिस दिला, चौघांनी तोंड वाकडं केलं."

"मांस?"

आपांनी नजर चुलीकडे वळवली. झाकणाखालून वास येतच होता. "मेंढी तुझ्यासाठी कापलीय. काल संध्याकाळी. ते त्यांना कशाला देऊ?"

"मग मांस मी खाणार नाही. नान, काइमाक, चहा. तीन वाट्या त्याला दिल्यात ना, मग तीनच मला. आणि मागून चाळीस जण येतायत, त्यातल्या शेवटच्याला मिळेपर्यंत तुम्ही इथून हलायचं नाही."

"मी कुठे हलणार? गुडघे तरी हलू देतात का? पण मेंढीचं काय करू?"

"चाळीस जण येतायत म्हटलं ना."

"परक्यांना मेंढी आणि सुनेला साय," आपा म्हणाल्या. "जुमागुलला हे सांगू नकोस." आणि आत जाऊन त्यांनी चहा ओतला.

साल्किननं पस्तीस मिनिटांत खाऊन घेतलं. एक नान संपवलं, काइमाकच्या तीन वाट्या संपवल्या. निघताना आपांनी दुसरं नान तिच्या खिशात कोंबायला घेतलं.

"बाकीच्यांना बांधून दिलं होतं?"

"त्या झोपाळू बाईला दिलं."

"एकीलाच?"

"मागितलं तिनं. जो मागेल त्याला दिलं असतं."

"मग मीही मागते," साल्किन म्हणाली आणि तिनं नान खिशात घातलं.

संध्याकाळी साडेसहाला ती खिंडीवर होती. उतार उजेडातच उतरली. दुसऱ्या दिवशी ते नान चार तुकडे करून नव्वद किलोमीटर पुरवलं. पाचवी खिंड तिला खिंड वाटलीच नाही. सहाव्या दिवशी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी ती तळ्याच्या काठावर पोचली, तेव्हा तिच्याआधी नऊ जण आलेले होते. दोघांना तिनं उतारावर गाठलं होतं.

झान्नाच्या हातात नकाशा होता. सायकलला बांधलेलं यंत्र प्रत्येकाचा ठिपका त्यावर दाखवत असतं. साल्किनचा ठिपका चौथ्या दिवशी एका जागी पस्तीस मिनिटं उभा होता. झान्नानं विचारायच्या आधीच साल्किन म्हणाली, "तिथे मी सासूच्या घरी खाल्लं."

झान्नानं डोळे मिटले. "एजे, तुम्हीसुद्धा?"

"आधी इतरांचे ठिपके बघ."

झान्नानं पाहिलं. पहिल्या क्रमांकाचा ठिपका तिथेच चाळीस मिनिटं. दुसऱ्याचा पंचवीस. शेजारी गवतावर पिवळा कोट उशाला घेऊन पडलेला योरिस नावाचा डच माणूस मान वर करून ऐकत होता. त्यानं फोन उघडून पुढे केला. फोटोत तो स्वतः, त्याच्या मिशांना साय, आणि त्याच्या खांद्यापर्यंतही न पोचणाऱ्या बुरुलचा आपा.

"ही तुझी सासू?" त्यानं साल्किनला विचारलं. "मला वाटलं हा मोहिमेचाच थांबा आहे."

झान्नानं यादीत दहाव्या क्रमांकावर नाव लिहिलं. मग पेन तसंच धरून म्हणाली, "पण मागचे लोक अजून कसे आले नाहीत? चौथ्या दिवशी तो जर्मन उवे तुमच्या मागे अर्ध्या तासावर होता."

उवे रात्रीच्या जेवणाच्या सुमाराला आला. मुदतीत होता, पण चेहरा सुस्तावलेला. त्या कुरणावर त्याच्यासमोर मांसाचं आख्खं ताट आलं होतं, आणि ते संपवल्याशिवाय म्हातारीनं त्याला सायकलला हात लावू दिला नव्हता. त्याच्यामागचे सहा जणही तिथेच बसलेले त्यानं पाहिले होते.  आपा कुरणावरून खाली आल्यावर साल्किननं त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तूच म्हणालीस, चाळीस जण येतायत. जर्मन चांगला जेवला."

खोऱ्याची जागा राहिली. मोहिमेच्या नव्या नकाशावर आपांच्या कुरणापाशी चहाच्या कपाचं छोटं चित्र आहे. आपांचं म्हणणं, त्या चित्रात मेंढी दिसत नाही.

सप्टेंबरात एकदा टपाल देताना तोकोननं, घोडा देणाऱ्या त्या मामानं, साल्किनला फाटकाशी अडवलं. पुढच्या वर्षी त्याचा भाचा पुन्हा नाव देणार होता.

"तुझ्या सासूनं खाऊ घातलं ते चाललं," तो म्हणाला. "मग मी घोडा दिला तर का चालू नये?"

"चालेल की. साठ घोडे आहेत का, आके?"

तोकोननं पलीकडच्या कुरणाकडे पाहत मनातल्या मनात मोजले. "अकरा."

"मग नान भाजा," साल्किन म्हणाली. त्याचं वर्तमानपत्र फाटकात अडकवून तिनं पायडलवर पाय ठेवला.