दरोडेखोराचं व्याकरण

फ्रेंच ऑपेरातला दरोडेखोर मी झालो, तो केवळ मिशी शोभते म्हणून. तसं आमच्या जिंतूरच्या शाळेत फ्रेंचचा एक शब्द कुणाला येत नव्हता. संगीताच्या बाईंनी मोबाइलवर तो ऑपेरा बघितला आणि हट्टच धरला की स्नेहसंमेलनात शिक्षकांनी हाच करायचा. गोष्ट लय झकास होती. दरोडेखोर राजाचं सोंग घेऊन खानावळीत उतरतो, खानावळवाल्याच्या पोरीला प्रेमात पाडतो आणि तिच्या गळ्यातला हार लांबवतो. पोरीचं काम बाई स्वतःच करणार होत्या. मला तेवढं कारण बास होतं. दोन वर्षं मी त्यांच्यासाठी झुरत होतो, आणि त्या सोडून सगळ्या स्टाफला ते माहीत होतं.

अडचण होती त्यांच्या वडिलांची. मराठीचे निवृत्त हेडमास्तर. मीही त्यांचाच विद्यार्थी. माझ्या निबंधात ‘जात आहे’च्या जागी आलेल्या प्रत्येक ‘जायलाय’खाली त्यांनी लाल रेघ मारलेली. मुलीला आलेली दोन स्थळं त्यांनी अशुद्ध बोलण्यावरूनच परत पाठवली होती. आमची मराठीत उतरवलेली संहिताही त्यांनीच तपासली. म्हणाले, राजा शुद्धच बोलला पाहिजे, नाहीतर सोंग उघडं पडेल.

प्रयोगाला ते पहिल्या रांगेत बसले, मांडीवर संहिता, हातात लाल पेन. माझ्या खांद्यावर पलंगपोस, आणि घामानं खोटी मिशी सुटायला लागलेली, कारण माझी खरी मिशी नाटक बसवणाऱ्या सरांना ऐनवेळी राजाची वाटली नव्हती आणि ती उतरवावी लागली होती. बाई समोर येऊन उभ्या राहिल्या आणि माझं डोकं कोरं झालं. ‘मी आपणावर प्रेम करीत आहे’ एवढंच म्हणायचं होतं. मी मिशी दाबून धरली आणि तोंडातून निघालं, "मी दोन सालापासून तुमच्यासाठी झुरायलोय बघा."

हॉल हसून लोळला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हार स्वतःच काढून माझ्या हातावर ठेवला. "मंग आधीच बोलायला काय झालं होतं?" म्हणाल्या. मला पकडायला आलेला पोलीस, म्हणजे आमचे पीटीचे सर, टाळ्या वाजवत उभे राहिले.

पडदा पडल्यावर हेडमास्तर आत आले. 

"ते वाक्य संहितेत नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं, सर."

"आणि तिचं?"

"तेही नव्हतं."

त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती खाली मान घालून हसत होती. मग त्यांनी लाल पेन खिशात ठेवलं.

"मग आईला घेऊन घरी कधी यायलास?"

"उद्याच यायलोय, सर," मी म्हणालो.