रुखवतात गेलेली गिटार

माझ्या नियोजनात चूक होत नाही. चूक होते ती लोक मला न विचारता वस्तू आणून ठेवतात म्हणून.

पुतणी सोनलच्या लग्नाचंच घ्या. त्या साली आर्णी भागातला निम्मा कापूस बोंडअळीनं खाल्ला आणि उरलेल्याला भाव नव्हता. सोनलचे वडील, म्हणजे माझे दीर, एका वाक्यात मोकळे झाले. "वहिनी, डीजे कटाप, ऑर्केस्ट्रा कटाप. जेवणं झाली की दादाच गिटार वाजवतीन!"

दादा म्हणजे आमचे हे. शाळेत चित्रकला शिकवतात आणि घरी मागच्या खोलीत गिटार वाजवतात. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी नळी सरकवत. आजवर त्यांना श्रोते दोनच, मी आणि कूलर. (कूलर निदान हिवाळ्यात सुटतो.) कधी चार माणसांपुढं वाजवलं नव्हतं, आणि आता सगळ्या गावापुढं वाजवायचं! माणूस घरात येरझारा घालायला लागला. भाजीत मीठ नसलं तरी कळेना.

त्यातच यांनी मोबाईलवर एक परदेशी गिटार पाहिली. टेबलासारखी उभी, खाली पेडल. पायानं पेडल दाबलं की तार ताणली जाते आणि सूर असा चढतो की वाटतं, कुणाचा तरी गळा दाटून आलाय. "मले हेच पाह्यजे!" हे म्हणाले. तिच्या किमतीत नवी मोटरसायकल आली असती आणि तिच्यावर बसायला आम्ही दोघंही! म्हणून हे गेले सलीमभाईंकडं.

सलीमभाई बसस्टँडमागं दुचाक्या दुरुस्त करतात. नम्रपणा हा त्यांच्या दुकानात न मिळणारा एकमेव पार्ट. "सर, बाहरवाले भी दो हाथ से ही बनाते ना? माह्याकडं तं पाना बी हाये!" असं म्हणून त्यांनी शटर अर्धं ओढलं. मग आतून ठोकण्याचे, घासण्याचे आणि मधूनच मांजर चेंगरल्यासारखे आवाज येऊ लागले. मी डोकावले, तर म्हणाले, "भाभी, आज नाई. आता एकदम शादी में देखना!"

लग्नाच्या दिवशी मी पहाटेपासून भिंगरीसारखी फिरत होते. अक्षता, पंगत, पाणी, सगळं माझ्याकडं. रुखवतही माझ्याकडंच. नवरीकडून मांडलेली भांडी, लोकरीचे ससे, शंकरपाळ्यांचा किल्ला, सगळं जेवणं चालू असताना वरपक्षाच्या टेम्पोत चढवायचं होतं. मोजत मोजत गेले तर स्टेजच्या बाजूला चादर घातलेली शिलाई मशीन! चादरीखालून तिचे बिडाचे पाय आणि जाळीची पायपट्टी स्पष्ट दिसत होती.

"भावजींनी मशीनही दिली आणि मला सांगितलं नाही?" माझं डोकंच सटकलं. पण वेळ कुठं होता? चादरीवरूनच मशीनला हळदकुंकू लावलं, वर नारळ ठेवला आणि सगळ्यात आधी तीच चढवली. राखण करायला नवऱ्या मुलाच्या मावशी पुढं बसल्या. टेम्पो नवरदेवाच्या गावी, केळापूरला निघाला. मी हुश्श केलं.

तेवढ्यात हे नवा शर्ट घालून आले, मागं सलीमभाई.

"भाभी, गिटार कुठी गेली?"

"कोणती गिटार?"

"अहो, इथंच होती! चादर टाकून!" हे म्हणाले.

माझ्या बोटांवर अजून कुंकू होतं, आणि हे तिकडंच पाहत होते.

"काय केलं वो तुम्ही?" यांचा आवाज विना पेडल दोन सूर चढला.

सलीमभाईंनी स्कूटर काढली. "दोघं बी बसा. पर सर, पहले धक्का मारा."

"काहून?"

"इसका क्लच केबल गिटार में है!"

यांनी धक्का मारला, पळत येऊन मधे बसले, मी मागं लटकले. केळापूरला जाणाऱ्या घाटंजीच्या रस्त्यानं आम्ही सुसाट निघालो, कारण थांबलो असतो तर पुन्हा धक्का! वाटेत सलीमभाई ओरडून आपली करामत सांगत होते. पाय भंगारातल्या शिलाई मशीनचे, ओढायला क्लचच्या केबल, तार परत जागेवर आणायला ब्रेकच्या स्प्रिंगा. "कंपनीवाले के बाप को नहीं सूझता!" ते मला ऐकायचं नव्हतं, यांनाही नव्हतं.

टेम्पो सापडला तो कापूस खरेदी केंद्रापुढं. कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यावर आली होती, सगळं जाम. आम्ही गिटार उतरवायला गेलो, तर मावशी जागच्या हलेनात.

"रुखवतात देल्लेली मशीन वापस मांगता? लाज नाई वाटत?"

"मावशी, ती मशीन नाई. गिटार हाये."

"मले शिकवता? पाय तं मशीनचेच हायेत!"

"हायेत ना," सलीमभाई अभिमानानं म्हणाले. (या माणसाला गप्प बसवायला कोणतं पेडल दाबायचं?)

"मंग वाजवून दाखवा!"

हे टेम्पोत चढले. लोकरीच्या सशांमधे बसले. चादर काढली. पहिल्यांदा नळी घसरली, रांगेतले शेतकरी हसले. मग यांनी पायपट्टी दाबली आणि तो सूर निघाला, दाटून येत, वर चढत, थांबत.

रांगेतल्या माना टेम्पोकडं वळल्या.

"भाव ऐकल्यावर माह्या तोंडातून असाच आवाज निघालता," एक शेतकरी म्हणाला. सगळे हसले, पण या वेळी हसून जवळ आले. कुणी गाडीवरून उतरलं, कुणी कापसाच्या ढिगावर बसलं. "ह्या तारा कायच्या हो?" "एक डाव अजून वाजवा ना सर!" सलीमभाई गिटारीखाली वाकून एकेक केबल दाखवत सुटले. हे डोळे मिटून वाजवत होते. मावशी गिटारीची चादर स्वतःच्या मांडीवर घडी घालून बसल्या.

इतक्यात मांडवातून सोनलला घेऊन निघालेल्या वरातीच्या गाड्या मागून येऊन त्याच जाममधे अडकल्या. सोनल शालू सावरत उतरली आणि टेम्पोला धरून उभीच राहिली. "मोठे बाबा, थांबू नका ना," एवढंच म्हणाली. यांचा नवा शर्ट घामानं भिजला होता आणि चेहरा असा, जणू लग्न यांचंच आहे.

विहीणबाई डोळे पुसत माझ्याकडं आल्या. "बाई, बिदाईचा कार्यक्रम असा रस्त्यात ठेवाची आयडिया कोणाची?"

"माझीच," मी म्हटलं. "सगळं नियोजन माझ्याकडं होतं."

"मंग आमच्या धाकट्याच्या लग्नाचं बी तुम्हीच पाहा!"

मी मान हलवणार, तोच हे आणि सलीमभाई एकदम ओरडले, "नाई!"

इतके दिवस त्या गिटारीच्या मागं होते दोघं. पण सूर इतका तंतोतंत जुळलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.