आमच्या ओढ्याचं पाणी

आईची रक्षा ओढ्यात सोडली आणि ती पहिल्याच दगडापाशी अडली. उन्हाळ्यामुळे पाण्यात घोटाही बुडत नव्हता. दादाला नाशिकला जायचं होतं. "गोदावरी कुठे आणि हा ओढा कुठे," तो सकाळी म्हणाला होता.

"लांब नेऊ नका, असं आईच म्हणाली होती," मी म्हणाले होते.

काठावर उभी राहून मी मनात नकाशा मांडत राहिले. हा ओढा नीरेला मिळतो, नीरा भीमेला, भीमा कृष्णेला. पश्चिमेचा समुद्र डोंगरापलीकडे जवळच आहे, पण आमच्याकडचं पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून अख्खा देश ओलांडतं आणि पूर्वेच्या समुद्राला जातं. शाळेत मी हेच शिकवते. आईनं एकही समुद्र पाहिला नव्हता. तेही मला तेव्हा धड्यातल्या माहितीसारखं वाटलं. आत काही हललं नाही.

"ही इथेच राहिली तर कसं व्हायचं," दादा म्हणाला. पँट दुमडून तो पाण्यात उकिडवा बसला आणि ओंजळीनं पाणी लोटू लागला. राख थोडी सरकली आणि पुढच्या दगडाला टेकली. तो तिथे जाऊन बसला. मी चपला काढल्या आणि त्याच्या शेजारी बसून पाणी लोटू लागले.