बॉनेटवरच्या अक्षता

परवा नांदेडला माझ्या गॅरेजात तापलेलं ऑइल आणि कापूर यांचा वास एकत्र आला, आणि मी थेट लातूरच्या आमच्या अंगणात जाऊन पोचले.

बाबांच्या जुन्या सेडानमध्ये मी शर्यतीच्या गाड्यांसारखा, इंजिनाचा जोर वाढवणारा कॅमशाफ्ट बसवला होता. माझं पहिलंच मोठं काम. "घरची एकच गाडी, अन् पोरीच्या हाती दिली," म्हणत गल्ली बघायला जमलेली. आई आरतीचं ताट घेऊन आली तेव्हा इंजिन नुसतं गर्जत होतं.

"बंद कर की गं. पूजा कशी करू?"

"नको आई. नवा कॅमशाफ्ट हाय. सुरुवातीची काही मिनिटं इंजिन जोरात फिरतं ठेवलं न्हाई तर घासून वाया जाईल."

लोक हसले. आईनं पदर खोचला आणि इंजिनाच्या वरताण आवाजात आरती सुरू केली. थरथरत्या बॉनेटवरून अक्षता नाचत खाली सांडत होत्या.

बऱ्याच वेळानं मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. इंजिन अडखळत, धडधडत चालू राहिलं.

"बिघडली का?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"न्हाई," आई म्हणाली. आठवडाभर जेवताना ती माझं हेच ऐकत होती. "तिची चालच तशी हाय. अन् पळाली की बघा. माझ्या लेकीनं बसवलंय."

तेव्हा माझे कान फक्त इंजिनाकडे होते. आता आठवतो तो आईचा आवाज.

परवा नवा कॅमशाफ्ट बसवलेल्या, गर्जणाऱ्या गाडीपुढे गिऱ्हाइकाची आई तशीच ताट धरून थबकली. म्हणाली, "बंद करता का जरा?"

"न्हाई मावशी," मी म्हटलं, "तुम्ही मोठ्यानं म्हणा."