आक्काच्या दारात सायकल

रक्तातली साखर वाढली म्हणून डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा. चालायला काही पैसे पडत नाहीत, त्यामुळे या सल्ल्यावर माझा विश्वास बसेना. मी जाड टायरची, खास मुरमाच्या रस्त्यांसाठी बनवलेली सायकल घेतली. सोबत हेल्मेट, काळा चष्मा आणि पन्नाशीला टेकलेल्या माणसाने घरातसुद्धा घालू नये अशी तंग चड्डी. मग एका रविवारी शरीराला कष्ट द्यायचे म्हणून ही सायकल कारच्या टपावर बांधली आणि जालन्याहून केदारखेड्यापर्यंत आरामात गाडीतून गेलो.

तिथून पुढे डोंगराकडे जायचं होतं, माझ्या थोरल्या बहिणीच्या गावाला. आक्काची आठवण दाटून आली होती असा कुणाचा गैरसमज नको. मोबाइलच्या नकाशावर तिच्या गावाची वाट सगळ्यात वळणदार दिसत होती, एवढंच. दारात एक फोटो काढायचा आणि लगेच परत फिरायचं, असा बेत होता. येतो म्हणून कळवलंसुद्धा नव्हतं.

वाट मात्र सुंदर होती, हे कबूल करतो. दोन्ही बाजूंनी पळस फुलला होता, खाली पाझर तलावाचं पाणी चमकत होतं. हे सौंदर्य डोळे भरून बघावं तर समोर खड्डा यायचा. चढावर कडब्याच्या पेंढ्या लादलेला एक मोटारसायकलवाला शेजारी येऊन मुद्दाम हळू झाला.

"पंक्चर झाली का?"

"नाही."

"मंग गाडी कुठाय तुमची?"

"केदारखेड्याला."

"बंद पडली?"

"चांगली आहे."

त्याने माझ्या चड्डीकडे बघितलं. माझी दया येऊन तो निघून गेला.

शेवटचा चढ संपला तेव्हा माझ्या छातीचा भाता झाला होता. आक्का ओट्यावर तूर पाखडत बसली होती. मी दारासमोर उतरलो, हेल्मेट काढून हातात धरलं आणि मान खाली घालून श्वास गोळा करू लागलो. तोंडातून शब्द फुटेना.

"तू? आसा एकाएकी?" ती सूप टाकून उठली आणि आतून तांब्या भरून घेऊन आली. "घे, पाणी घे आधी."

सायकल शिकवणाऱ्या व्हिडिओत एका हुशार माणसाने सांगितलं होतं, दम लागला असताना साधं पाणी पिऊ नका. मी हाताने नको म्हणून खूण केली.

आमच्या घरात माणूस गेल्याची बातमी फोनवर सांगत नाहीत. घरातला कुणीतरी स्वतः जातो, दारातच उभा राहतो आणि पाणी घेत नाही. आई माझ्याकडे जालन्याला असते. हिवाळ्यात तिला आठ दिवस दवाखान्यात ठेवलं होतं, आणि तेव्हापासून आक्का रोज संध्याकाळी फोन करून तिची चौकशी करायची. आदल्या दिवशी आई लवकर झोपली म्हणून तो फोन कुणी उचलला नव्हता. हे सगळं मला माहीत होतं. ते आठवलं मात्र तांब्या खाली पडल्यावर.

"काल फोन न्हाई उचलला, तवाच समजलं मला!" आक्का धाडकन खाली बसली आणि आईच्या नावाने हंबरडा फोडला. शेजारच्या दोघी धावत आल्या. एकीने तिला धरलं, दुसरीने डोळ्याला पदर लावला. मी मधोमध तंग चड्डीत उभा होतो आणि "न्हाई, न्हाई" म्हणत हात हलवत होतो. आई आता न्हाई असं हा सांगतोय, असाच त्याचा अर्थ सगळ्यांनी लावला.

शेवटी मी घरी फोन लावला आणि आक्काच्या कानाला धरला. तिला बोलता येईना, नुसते हुंदके. पलीकडून आईचा खणखणीत आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, "का रडून राह्यली गं? कोण गेलं?"

शेजारणी हसू दाबत घरी गेल्या. आक्काने आईला दोनदा बोलायला लावलं, जेवलीस का विचारलं, मग फोन माझ्या हातात दिला. मी तिच्या पाया पडलो. मला खरंच लाज वाटत होती.

"आई बरी हाय," ती डोळे पुसत म्हणाली. "मंग तू कशाला आल्ता?"

टोमणा असता तर मी उलट बोललो असतो. तिला खरंच उत्तर हवं होतं. दादा, म्हणजे आमचे वडील, गेले तेव्हा सांगायला मीच आलो होतो, काका गेले तेव्हाही मीच. भाऊबीजेला दरवर्षी तीच जालन्याला यायची, म्हणून त्यानंतरच्या सात वर्षांत या दारात मी एकदाही आलो नव्हतो.

"तुला भेटायला," मी खोटं बोललो.

आक्का माझ्याकडे बघत राहिली आणि पुन्हा रडायला लागली. आई गेली असं समजून रडली होती, त्याहून जास्त.