आत्याकडून आलेला चंद्र

आमच्या फिल्म क्लबात रविवारी एक नवा मूकपट दाखवला. बनवणारी मुलगी आजकालची, पण सिनेमा काळापांढरा, संवादांच्या जागी पाट्या आणि बजेट म्हणजे घरात सापडेल ते. त्यात एक एकटा कारकून आकाशातला चंद्र दोरीने खिडकीत उतरवतो, त्याला जेवायला वाढतो, त्याच्याशी पत्ते खेळतो. चंद्र म्हणजे स्टीलची परात. कॅमेरा जवळ गेला, तर चंद्राच्या काठावर नाव घातलेलं: 'चि. सुमनच्या लग्नात आत्याकडून.'

सगळं सभागृह हसलं. माझ्या शेजारच्या काकू मोठ्याने म्हणाल्या, "अहो, ही तर कणकेची परात!"

मग कारकुनाच्या हातातून दोरी निसटायला लागली. चंद्र खिडकीबाहेर लोंबकळला. तशा त्याच काकू उठून ओरडल्या, "अरे मेल्या, धर ना! चंद्र पडेल!"

त्याने धरला, तेव्हा कुठे काकू खाली बसल्या. अफाट खर्चाचे, हुबेहूब चंद्र मी पडद्यावर पुष्कळ पाहिलेत. त्यांच्यासाठी कुणी खुर्चीतून उठल्याचं आठवत नाही.

घरी आलो तेव्हा बायको परात धूत होती. नळाखाली परात तिरकी झाली आणि छतावर उजेडाचा एक गोल थरथरत सरकला. मी दोन्ही हात पुढे करून धावलो. "अगं हळू, पडेल!"

"पडली तर पडली," ती म्हणाली, "स्टीलची आहे."

तिला काय सांगणार? तिने सिनेमा पाहिला नव्हता.